खलाशाचे कार्ड

२००३ सालची गोष्ट आहे. रमजान ईद होऊन आठवडा झाला असेल. संध्याकाळी मोहल्ल्यातला एक तरुण घरी आला. सेंट्रिंगचे काम करणारा, सौदीत पाच वर्षे काढून आलेला. नव्या कंपनीचा व्हिसा आला होता, म्हणून मुंबईला मेडिकल करायला गेला होता आणि त्याच दिवशी सकाळी देवगिरी एक्स्प्रेसने परभणीला उतरला होता. चहा नको म्हणाला. बाहेरच्या खोलीत कुणी नाही असे पाहून त्याने खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला.

“भाईजान, एवढं वाचून सांगा.”

आमच्या मोहल्ल्यात बी.ए. झालेला माणूस म्हणजे इंग्रजी कागद वाचणारा माणूस. त्याआधी, कॉलेजात असताना, मी आखातात गेलेल्यांच्या घरची पत्रे लिहून देत असे. त्या पत्रांत सगळे असे. पैसे पोचले, म्हैस विकली, अम्मीचा गुडघा दुखतो, पोराने पाचवी ओलांडली. पण त्या कागदावर जो शब्द होता, तो त्या पत्रांत कधीच आला नव्हता. ‘व्हीडीआरएल : रिअॅक्टिव्ह’ एवढे लिहिलेले होते आणि खाली शिक्का होता, ‘अनफिट’. ज्या केंद्रात तपासणी झाली तिथे कुणी त्याला काही समजावून सांगितले नव्हते. कागद दिला आणि पुढच्याला आत बोलावले. एजंटाने फोन घेणे बंद केले.

“एड्स आहे का?” त्याने विचारले. मला तरी कुठे माहीत होते!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी कागद पाहिला. एड्स नव्हे, म्हणाले. ही उपदंशाची तपासणी आहे. लोक ज्याला गरमी म्हणतात तो आजार. आणखी एक तपासणी करून खात्री करू, आणि निघालाच तर इंजेक्शनने बरा होतो. मग म्हणाले, “बायकोलाही घेऊन या.” आणि थोडे थांबून विचारले, “घरात कधी मूल पोटातच गेलंय का?”

तो खाली बघत राहिला. दोन वर्षांपूर्वी सुटीवर येऊन गेला, त्यानंतर सातव्या महिन्यात मूल गेले होते. घरात सगळ्यांनी बाईलाच बोल लावला होता.

पुढे कधीतरी स्टेशनजवळच्या हॉटेलात चहा पिताना तो बोलला. रियाधला असताना एक फोड आला होता. दुखत नव्हता. दवाखान्यात गेलो तर कफीलला कळेल, कळले तर विमानात बसवून देतील, ही भीती. खोलीतल्या एकाने मलमाची ट्यूब दिली. फोड आपोआप गेला. आजार गेला असे त्याला वाटले. उपदंशाची रीत तशीच आहे. पहिला व्रण न दुखता येतो, काही आठवड्यांत औषधाशिवायही बुजतो आणि रोग आत राहतो.

तेव्हापासून एक प्रश्न मनात राहिला. घरापासून दूर, परक्या मुलखात असा आजार झाला, तर गरीब माणसाने जायचे कुठे? ज्याच्याकडे जावे तोच हाकलून देणार असेल, तर तो तपासायला जाईल कशाला? हा प्रश्न आजचा नाही. जगाने त्याची दोन उत्तरे दिली आहेत. त्यातले एक उत्तर आपण विसरलो. आजचे बोलणे त्याविषयी आहे.

दुसऱ्याच्या गावचा रोग

या रोगाची नावेच बघा. १४९५ च्या सुमारास फ्रान्सच्या राजाचे सैन्य इटलीतल्या नेपल्समध्ये होते, तेव्हा युरोपात उपदंशाची पहिली मोठी साथ पसरली. इटलीच्या लोकांनी त्याला फ्रेंचांचा रोग म्हटले. फ्रेंचांनी नेपल्सचा रोग म्हटले. रशियात तो पोलंडचा झाला. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात त्याचे नाव ‘फिरंग रोग’ असे आहे. फिरंग्यांनी आणलेला, म्हणून फिरंग. युनानी हकीम त्याला ‘आतशक’ म्हणतात, आणि निजामाच्या राज्यात वाढलेली आमच्याकडची जुनी माणसे तोच शब्द दबक्या आवाजात उच्चारत.

प्रत्येकाने तो दुसऱ्याच्या नावावर टाकला. रोग आपला नाही, बाहेरच्याने आणला, ही समजूत जगभर सारखी. त्यामुळे बाहेरून आलेला माणूस आधी संशयित ठरतो आणि नंतर, जमले तर, रोगी.

इंग्रजांच्या राज्यात या संशयाला कायद्याचे रूप आले. गोऱ्या शिपायांमध्ये गुप्तरोग फार पसरला होता. त्यावर उपाय म्हणून १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा झाला. त्याने छावण्यांच्या आणि मोठ्या शहरांच्या आसपास धंदा करणाऱ्या बायकांची नोंदणी सक्तीची झाली, तपासणी सक्तीची झाली आणि आजार निघाला तर ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये राहणे सक्तीचे झाले. शिपायांवर अशी सक्ती नव्हती. तपासणी म्हणजे पोलिसी कारवाई, अशीच तिची ओळख झाली. ज्यांना जमले त्या बायका नोंदणी चुकवून लपल्या. इंग्लंडातल्या अशाच कायद्यांविरुद्ध जोसेफिन बटलर या बाईंनी अनेक वर्षे चळवळ केली. तिथले कायदे १८८६ साली गेले, आपल्याकडचा १८८८ साली रद्द झाला.

शिपायांचे तरी बरे चालले होते असे नाही. ब्रिटिश फौजेत गुप्तरोगासाठी दवाखान्यात पडलेल्याच्या पगारातून पैसे कापले जात. घरी पैसे कमी गेले की घरच्यांना कळणार. मग शिपाई काय करणार? लपवणार. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश फौजेत या आजारांपायी चार लाखांहून अधिक वेळा जवानांना दवाखान्यात दाखल करावे लागले. शिक्षेने रोग कमी होत नाही, हे सांगायला एवढा आकडा पुरे.

सिडनहॅम साहेबाचा अहवाल

आता एक नाव घेतो, ते ऐकून मराठी माणसाला आश्चर्य वाटेल. सर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क. १९०७ ते १९१३ मुंबई इलाख्याचा गव्हर्नर. त्याच्याच कारकिर्दीत, १९०८ साली, लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना मंडालेला पाठवले गेले. मुंबईचे सिडनहॅम कॉलेज त्याच्याच नावाचे. हा साहेब इथली नोकरी संपवून विलायतेला परतला, लॉर्ड झाला, आणि १९१३ सालीच गुप्तरोगांची चौकशी करण्यासाठी जो शाही आयोग नेमला गेला त्याचा अध्यक्ष झाला.

आयोगाने अडीच वर्षे काम करून १९१६ साली अहवाल दिला. मोठ्या शहरांतल्या किमान दहा टक्के लोकांना उपदंशाची लागण असावी, असा त्याचा अंदाज होता. पण अहवालाचे मोल त्या आकड्यात नाही, त्यातून निघालेल्या शहाणपणात आहे. आयोगाचे म्हणणे थोडक्यात असे : तपासणी फुकट हवी, उपचार फुकट हवेत आणि रोग्याचे नाव बाहेर जाता कामा नये. त्याच वर्षी इंग्लंडात तसे नियम झाले. खर्चाचा पाऊण हिस्सा सरकारने उचलला, उरलेला स्थानिक कौन्सिलांनी. पुढच्या वर्षी, १९१७ साली, भोंदू वैद्यांना या रोगांवर औषध द्यायला आणि त्याच्या जाहिराती करायला बंदी घालणारा कायदा आला.

ज्याच्या राजवटीत आपल्या लोकमान्यांना शिक्षा झाली, त्याच्या अध्यक्षतेखाली हे घडले. इतिहास असाच असतो. एक माणूस एका ठिकाणी कठोर आणि दुसऱ्या ठिकाणी शहाणा असू शकतो.

या नियमांची पुण्याई अजून चालू आहे. आज आपल्याकडचा एखादा विद्यार्थी किंवा पर्यटक इंग्लंडात गेला आणि त्याला असा आजार झाला, तर तपासणी आणि उपचार यांचे पैसे त्याला पडत नाहीत. तो परदेशी आहे म्हणून नकार मिळत नाही. २०१२ च्या ऑक्टोबरपासून एचआयव्हीच्या उपचारांनाही तिथे हाच नियम लागू आहे. यात नुसती दया नाही. हिशेबही आहे. एक माणूस बरा झाला की त्याच्यापासून पुढे होणाऱ्या लागणी थांबतात.

रत्नागिरीचे खलाशी आणि ब्रुसेल्सचा करार

पण घर आणि परका मुलूख यांच्यामध्ये जन्मभर फिरणारा खरा माणूस म्हणजे खलाशी. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास हिंदी खलाशी होते. त्यांना ‘लास्कर’ म्हणत. मुंबईहून निघणाऱ्या आगबोटींच्या डेकवर रत्नागिरी जिल्ह्यातले कोकणी मुसलमान आणि हिंदू मोठ्या संख्येने असत. सारंग, टिंडल, भंडारी, खलाशी अशी त्यांची उतरंड. खाणावळीच्या कामावर गोवेकर. लंडनच्या गोदीजवळ लाइमहाउस भागात अशा परमुलखातल्या खलाशांसाठी १८५७ साली एक वसतिगृहही उघडले होते.

खलाशी आजारी पडला तर खर्च कुणाचा? १९०६ च्या ब्रिटिश कायद्याने तो जहाजमालकावर टाकला, पण एक अपवाद करून. गुप्तरोग असेल तर मालकाची जबाबदारी नाही. म्हणजे मलेरिया झाला तर साहेबाचा खर्च, परमा झाला तर तुझा तू. परक्या बंदरात, परक्या भाषेत, खिशात मोजके पैसे असताना माणूस काय करील? अंगावर काढील, नाहीतर गोदीच्या गल्लीतल्या भोंदूकडे जाईल. आणि पुढच्या बंदरात रोग घेऊन उतरेल.

शिवाय तेव्हाचे उपचारही लांबलचक. उपदंशाची रक्ततपासणी वासरमनने १९०६ साली शोधली. फ्रँकफुर्टला एहरलिखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या हाता या जपानी शास्त्रज्ञाने १९०९ साली ६०६ क्रमांकाचे औषध उपयोगी असल्याचे दाखवले आणि पुढच्या वर्षी ते ‘साल्वरसान’ या नावाने बाजारात आले. त्याआधी पारा चोळणे, पारा खाणे हाच इलाज होता. साल्वरसान गुणकारी होते, पण त्याची इंजेक्शने महिनोन्‌महिने घ्यावी लागत. आज मुंबईत, पंधरा दिवसांनी एडनच्या पुढे आणि महिन्याने लंडनला असणाऱ्या माणसाने हा क्रम पुरा करायचा कसा?

यावर तोड निघाली ती १ डिसेंबर १९२४ रोजी ब्रुसेल्स शहरात झालेल्या एका आंतरराष्ट्रीय कराराने. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत तो नसतो. त्याची कलमे थोडी आहेत आणि साधी आहेत. सह्या करणाऱ्या देशांनी आपल्या मुख्य बंदरांत गुप्तरोगांवरचे दवाखाने चालवायचे. ते सगळ्या व्यापारी खलाशांना खुले ठेवायचे, राष्ट्रीयत्वाचा भेद न करता. तपासणी फुकट, औषध फुकट, गरज पडली तर दाखल करून घेणेही फुकट. पुढचे बंदर येईपर्यंत पुरेल एवढे औषध बरोबर द्यायचे. आणि प्रत्येक रोग्याला एक कार्ड द्यायचे.

हे कार्ड मला फार मोलाचे वाटते. त्यावर रोगाचे निदान, कोणती औषधे किती दिली, रक्ताच्या तपासणीत काय निघाले, हे सारे लिहायचे. नाव मात्र लिहायचे नाही. नावाच्या जागी नंबर. एका बंदरातल्या डॉक्टरने लिहिलेले पुढच्या बंदरातल्या डॉक्टरने वाचायचे आणि तिथून पुढे उपचार सुरू करायचे. कार्ड खलाशाच्या खिशात राहायचे. ते कप्तानाला दाखवायचे नव्हते, मालकाला दाखवायचे नव्हते.

रत्नागिरीच्या एखाद्या खलाशाला बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात गोऱ्या खलाशाइतकाच हक्क या करारातल्या शब्दांनी दिला होता. कागदावरचा हक्क आणि खिशातला हक्क यांत अंतर असते, हे आपल्याला सांगायला नको. तरीही राज्यकर्ते आणि रयत, गोरा आणि काळा असे भेद पक्के असलेल्या त्या काळात कुणीतरी ‘भेद न करता’ हे शब्द लिहिले होते. रोगाला रंग नसतो, हे निदान या एका बाबतीत त्यांना कळले होते.

शिक्क्याचा जमाना

१९४३ साली अमेरिकेत डॉ. जॉन महोनी यांनी पेनिसिलिनने उपदंश बरा होतो हे दाखवले. महिनोन्‌महिन्यांचा उपचार काही इंजेक्शनांवर आला. सुरुवातीच्या अवस्थेत आज एकच मोठे इंजेक्शन पुरते. रोग जुना असेल किंवा कधीचा ते ठाऊक नसेल, तर आठवड्याला एक अशी तीन. खलाशाच्या कार्डाची गरज हळूहळू संपली. जगाला वाटले, हे प्रकरण मिटले.

मग एड्स आला. १९८१ साली अमेरिकेत त्याची पहिली नोंद झाली, १९८५ साली रक्ताची तपासणी निघाली आणि १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पथकाने भारतातले पहिले बाधित शोधले. उपचार नव्हते, भीती होती. पुन्हा तीच जुनी समजूत उफाळली : बाहेरच्याने आणला. १९८७ साली अमेरिकेने एचआयव्हीबाधित परदेशी माणसाला दार बंद केले. ते दार उघडायला जानेवारी २०१० उजाडले. आपणही मागे नव्हतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या सरकारने परदेशी विद्यार्थ्यांवर या तपासणीची सक्ती केली, तेव्हा इथे शिकणाऱ्या आफ्रिकी मुलांनी तिला विरोध केला होता. आपल्या पोरांना परदेशात मिळालेल्या वागणुकीबद्दल बोलताना हेही आठवलेले बरे.

आखाती देशांची व्यवस्था याच भीतीच्या काळात घट्ट झाली. १९७३ नंतर तेलाचा पैसा वाढला आणि गवंडी, सुतार, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन यांना तिकडे बोलावणे आले. आमच्या परभणी, पाथरी, जिंतूर, मानवतकडची पोरे गेली. कोरडवाहू जमिनीवर किंवा हातगाडीवर जे जन्मात झाले नसते ते झाले. घरावर स्लॅब पडला, बहिणींची लग्ने झाली. त्या पैशाला मी नावे ठेवणार नाही.

पण जाण्याआधी मेडिकल. ठरवून दिलेल्या केंद्रांतच जायचे. छातीचा एक्स-रे, एचआयव्ही, बी आणि सी प्रकारची कावीळ, उपदंश. तिकडे पोचल्यावर पुन्हा तपासणी. आता निकाल ऑनलाइन थेट तिकडच्या यंत्रणेत जातो. निकाल म्हणजे दोनच शब्द, फिट नाहीतर अनफिट. तिकडे राहत असताना परदेशी कामगार एचआयव्हीबाधित निघाला तर त्याचा परवाना जातो आणि त्याला मायदेशी परत पाठवतात.

प्रत्येक देशाला आपल्या लोकांचे आरोग्य जपण्याचा हक्क आहे, हे मला मान्य आहे. एका खोलीत दहा-बारा माणसे झोपतात, तिथे क्षयरोग्याला आधी शोधायलाच हवे. पण उपदंश काही सिमेंट कालवताना किंवा एका ताटात जेवताना पसरत नाही. तो पूर्ण बरा होतो. एचआयव्हीवर आज अशी औषधे आहेत की ती नियमित घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो, आणि मग जोडीदारालाही त्याची लागण होत नाही. मग शिक्का मारून काय साधते? तपासणी म्हणजे हकालपट्टी, हे एकदा कळले की माणूस तपासणीपासून पळतो. आमच्या सेंट्रिंगवाल्याने रियाधमध्ये तेच केले. १८६८ च्या कायद्यातल्या बायकांनी तेच केले होते. पगार कापला जाणाऱ्या गोऱ्या शिपायाने तेच केले होते. भीतीने लपवलेल्या रोगाची किंमत घरात बसलेल्या बाईने आणि तिच्या पोटातल्या जिवाने चुकवली.

या शिक्क्यात आणखी एक अन्याय आहे. व्हीडीआरएल ही तपासणी कधी कधी रोग नसतानाही ‘रिअॅक्टिव्ह’ येते, म्हणून टीपीएचए नावाची दुसरी तपासणी करून खात्री करतात. आणि ही दुसरी तपासणी रोग बरा झाल्यावरही बहुधा जन्मभर ‘पॉझिटिव्ह’च येत राहते. जखम बरी झाली तरी वण राहतो तसे. समजून घेणाऱ्या डॉक्टरला जुना वण आणि नवा रोग यांतला फरक कळतो. शिक्क्याला कळत नाही.

आपल्या भिंती

दोष मात्र सगळा परक्यांवर टाकून चालणार नाही. रेल्वेने परभणीहून मुंबईला जाताना खिडकीबाहेर बघा. ‘गुप्तरोग, शर्तिया इलाज’ अशी रंगवलेली भिंत दिसली नाही असा प्रवास माझ्या तरुणपणी झाला नाही. खरे तर १९५४ सालच्या केंद्राच्या कायद्याने या रोगांवरच्या औषधांच्या जाहिरातींना बंदी आहे. कायदा आहे, आणि भिंतीही होत्याच. ज्याला खऱ्या डॉक्टरचे दार लाजेने बंद, त्याला भिंतीवरचा पत्ता उघडा.

या लाजेविरुद्ध मराठीत एक माणूस एकाकी लढला. र. धों. कर्वे. पॅरिसला गणित शिकून आलेला प्राध्यापक. १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. गुप्तरोगांविषयी, संततिनियमनाविषयी सरळ मराठीत लिहिले. नोकरी गेली, अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ साली एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. ज्या विषयाचा उच्चार केला म्हणून कर्व्यांना कोर्टात उभे राहावे लागले, तो आज नभोवाणीवरून बोलता येतो, एवढी प्रगती झाली आहे.

मुंबई उच्च न्यायालयात १९९७ साली एका रोजंदारी कामगाराच्या खटल्याचा निकाल लागला. एचआयव्हीबाधित निघाला म्हणून त्याला कामावरून दूर केले होते. काम करण्याची ताकद आहे आणि दुसऱ्यांना धोका नाही, तोवर त्याला असे काढता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्या खटल्यात त्याचे नाव कुठेच नाही. ‘एमएक्स’ एवढी दोन अक्षरे. नाव झाकून न्याय मागण्याची परवानगी त्याला मिळाली होती. मला तेव्हा ब्रुसेल्सच्या करारातले कार्ड ठाऊक नव्हते. पुढे वाचनात आले तेव्हा वाटले, हे तेच कार्ड आहे.

२०१७ साली संसदेने एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा केला, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. माणसाच्या संमतीशिवाय ही तपासणी करायची नाही, आधी आणि नंतर समुपदेशन करायचे, निकाल गुप्त ठेवायचा आणि नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करायची नाही, असे तो सांगतो. एचआयव्हीची औषधे आपल्याकडे २००४ पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. गुप्तरोगांसाठी सरकारी जिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. तिथे तपासणी आणि औषध मोफत आहे. १०९७ हा फुकट फोनचा नंबर आहे. नाव न सांगता विचारता येते.

परदेशी जाणाऱ्या मुलांना माझे सांगणे एवढेच. मुंबईच्या मेडिकलची वाट बघू नका. आधी इथे, आपल्या गावात, सरकारी दवाखान्यात गुपचूप तपासून घ्या. काही निघाले तर उपचार पुरे करा आणि कागद जपून ठेवा. सुटीवर आलात आणि मनात शंका असेल, तर घरी जाण्याआधी दवाखान्यात जा. आणि एकट्याने जाऊ नका. बायकोला बरोबर न्या. एकावर उपचार होऊन दुसरा राहिला तर रोग पुन्हा घरात येतो. दुखणे देणाऱ्याने औषधही दिले आहे, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते औषध घ्यायला लाजू नये, एवढेच आपल्या हाती.

सेंट्रिंगवाल्याने आणि त्याच्या बायकोने तीन आठवडे तीन-तीन इंजेक्शने घेतली. दोघे बरे झाले. सौदीला तो पुन्हा गेला नाही. आज परभणीतच छोटी-मोठी कामे घेतो. त्यांना नंतर मुलगी झाली, ती आता कॉलेजात आहे. हे भाषण लिहायला घेतले तेव्हा मी त्याला विचारले, तुझी हकिगत सांगू का? तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “सांगा. दुसऱ्या कुणाचं मूल वाचेल. फक्त नाव घेऊ नका.”

म्हणून नाव घेतले नाही. ब्रुसेल्सच्या त्या कार्डावरही नाव नसे.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)